घरच्या सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीनमध्ये होम असिस्टंट : कोल्हापूरकर नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

घरातील दिवे, पंखे, पाण्याची मोटर, सेन्सर आणि कॅमेरे एकाच ठिकाणाहून चालवणारे होम असिस्टंट हे मुक्त सॉफ्टवेअर २०१३ पासून उपलब्ध आहे आणि २०२४ पासून त्याची सूत्रे ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे आहेत. ते रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालवणारे पुष्कळ आहेत. परंतु ज्यांच्याकडे एखादा जुना मिनी पीसी पडून आहे, किंवा राजारामपुरीतल्या एखाद्या दुकानातून कार्यालयीन वापरातून निघालेला लेनोव्हो टायनी, डेल मायक्रो वा एचपी मिनी घेण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांनी त्यावर प्रॉक्समॉक्स, म्हणजे एका संगणकावर अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली, बसवून त्याच्या आत व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे अशाच एका आभासी संगणकात, होम असिस्टंट चालवावे, असे माझे मत आहे. या लेखात तोच मार्ग पायरीपायरीने दिला आहे. सॉफ्टवेअर बसवण्याचे काम एका संध्याकाळी उरकते. वीज, केबल आणि बॅकअप यांची घडी बसायला मात्र त्याहून जास्त वेळ द्यावा लागतो. वळवाच्या पावसात वीज कधी जाईल याचा नेम नाही आणि पावसाळ्यात पंचगंगेचे पाणी गल्लीत शिरते, अशा गावात त्या वेळेत काटकसर करू नये.

व्हर्च्युअल मशीनच का

होम असिस्टंट बसवण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. एकात फक्त त्याचा कंटेनर, म्हणजे लागणाऱ्या साहित्यासह बांधलेला प्रोग्रॅम, चालवला जातो, तर दुसऱ्यात होम असिस्टंट ऑपरेटिंग सिस्टीम ही संपूर्ण व्यवस्थाच बसवली जाते. कंटेनर हलका असला तरी त्यात ॲड-ऑनची सोय नसते, म्हणजे एमक्यूटीटी ब्रोकर (उपकरणांचे निरोप पोहोचवणारा), झिगबीटूएमक्यूटीटी (झिगबी उपकरणे जोडणारा), ईएसपीहोम (छोटे नियंत्रक बोर्ड चालवणारा) यांसारखे पूरक प्रोग्रॅम स्वतंत्रपणे बसवून जुळवावे लागतात. नवशिक्याचे गाडे नेमके तिथेच अडते. संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम घेतली की हे सारे एका क्लिकवर मिळते, पण ती पूर्ण संगणक स्वतःकडे मागते आणि त्या यंत्रावर दुसरे काही चालवता येत नाही.

व्हर्च्युअल मशीनमुळे ही अडचण सुटते. प्रॉक्समॉक्स हा घरमालक आणि त्यावरची प्रत्येक मशीन हा स्वतंत्र खोलीतला भाडेकरू, अशी ही रचना असते : होम असिस्टंटला वाटते की आपल्याकडे अख्खा संगणक आहे, आणि त्याच यंत्रावर शेजारी फोटोंचा साठा, जाहिराती गाळणारा डीएनएस सर्व्हर किंवा प्रयोगासाठी एखादे लिनक्सही सुखाने नांदते. त्याहून मोठा फायदा म्हणजे परतीची वाट उघडी राहते. अपडेट करण्यापूर्वी स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घेतला असेल, तर बिघडलेली मशीन काही मिनिटांत पूर्वस्थितीला आणता येते.

विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स बसवून त्यात होम असिस्टंट चालवता येते, आणि दोन दिवस चाखून पाहण्यासाठी ते ठीकही आहे. पण विंडोज मध्यरात्री अपडेट घेऊन स्वतःहून रीस्टार्ट होते आणि त्याबरोबर घराचा कारभारही बंद पडतो. त्यामुळे कायमच्या वापरासाठी हा मार्ग मी सुचवणार नाही.

यंत्र कसे असावे

होम असिस्टंटच्या मशीनला किमान २ जीबी रॅम, २ प्रोसेसर कोअर आणि ३२ जीबी जागा लागते. प्रत्यक्षात ४ जीबी रॅम दिली की ते मोकळेपणाने चालते. प्रॉक्समॉक्सला स्वतःलाही काही रॅम लागते, म्हणून यंत्रात किमान ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी असावी. पुढे कॅमेऱ्यांचे चित्रीकरण साठवायचा विचार असेल तर १६ जीबी घ्यावी. असा मिनी पीसी सरासरी १५ वॅट खात असेल, तर महिन्याला साधारण ११ युनिट वीज लागते. जुना डेस्कटॉप टॉवर फुकट मिळत असला तरी तो याच्या कितीतरी पट वीज खातो, आणि तो तोटा दर महिन्याच्या बिलात दिसत राहतो.

सेकंड-हँड यंत्र घेताना तीन गोष्टी दुकानातच पाहाव्यात. प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय आहे ना आणि ती बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, सुरू करता येते ना, हे तपासावे. इंटेलच्या यंत्रात हा पर्याय ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ या नावाने, तर एएमडीच्या यंत्रात बहुधा ‘एसव्हीएम मोड’ या नावाने सापडतो. दुसरे, त्याच बायोसमध्ये ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ किंवा तशाच अर्थाचा पर्याय शोधून तो ‘पॉवर ऑन’वर ठेवता येतो का, हे पाहावे, वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावे यासाठी तो अत्यावश्यक आहे. तिसरे, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल जुना असेल तर तो लगेच बदलून घ्यावा. हा सेल संपलेला असला की वीजपुरवठा पूर्ण तुटताच यंत्र तारीख-वेळ आणि अनेकदा बायोसमधली सेटिंगही विसरते, मग वर सांगितलेला दुसरा पर्याय सुरू ठेवूनही त्याचा उपयोग होत नाही.

यंत्र राउटरजवळ ठेवावे आणि लॅन केबलनेच जोडावे. प्रॉक्समॉक्सच्या नेटवर्क रचनेत वाय-फायवरून व्हर्च्युअल मशीनला सरळ घरच्या नेटवर्कवर आणता येत नाही, म्हणून केबलला पर्याय नाही. स्वयंपाकघर, पत्र्याखालचा माळा आणि देव्हाऱ्याजवळची जागा टाळावी. वाफ, उष्णता आणि उदबत्तीची राख यांतले काहीच पंख्याला मानवत नाही.

प्रॉक्समॉक्स बसवणे

प्रॉक्समॉक्सच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल उतरवून ती रूफस किंवा बॅलेना एचर वापरून पेन ड्राइव्हवर लिहावी. रूफसने विचारल्यास डीडी पद्धत निवडावी. पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू केले की इन्स्टॉलर पुढचे प्रश्न विचारतो. तो निवडलेली डिस्क पूर्ण पुसतो, त्यामुळे जुन्या यंत्रातले फोटो किंवा टॅलीचा डेटा आधीच काढून घ्यावा. एकच डिस्क असेल तर ईएक्सटी४ ही फाइल प्रणाली पुरेशी आहे. झेडएफएस चांगली असली तरी ती रॅम जास्त मागते.

देश भारत आणि वेळक्षेत्र एशिया/कोलकाता निवडल्यावर आयपी पत्ता विचारला जातो. इथे थोडे थांबावे. प्रॉक्समॉक्स हा पत्ता कायमचा म्हणून लिहून ठेवतो, म्हणून राउटर इतर उपकरणांना जे पत्ते आपोआप वाटतो त्या टप्प्याच्या बाहेरचा पत्ता द्यावा, उदाहरणार्थ राउटर १९२.१६८.१.१ वर असेल आणि वाटप १०० पासून पुढे होत असेल तर १९२.१६८.१.१०. पुढे कधी इंटरनेटवाल्याने राउटर बदलला आणि नव्या राउटरची पत्त्यांची मालिका वेगळी निघाली, तर सर्व्हर चालू असूनही गायब झाल्यासारखा वाटतो. तसे झाल्यास सर्व्हरशी झगडत न बसता नव्या राउटरमध्ये जुनीच मालिका लावावी, ते अधिक सोपे पडते.

इन्स्टॉलेशन संपले की मॉनिटर आणि कीबोर्ड काढून ठेवता येतात. त्यानंतर लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस लावून सर्व्हरचा पत्ता आणि पुढे ८००६ हा पोर्ट लिहिला की प्रॉक्समॉक्सचे पान उघडते. ब्राउझर सुरक्षिततेचा इशारा देईल. प्रमाणपत्र सर्व्हरने स्वतःच तयार केलेले असल्यामुळे तो येतो आणि घरच्या नेटवर्कवर तो ओलांडून पुढे जाण्यास हरकत नाही. वापरकर्ता रूट, आणि पासवर्ड इन्स्टॉलेशनच्या वेळी दिलेला. आत गेल्यावर ‘अपडेट्स’खालच्या ‘रिपॉझिटरीज’मध्ये एंटरप्राइझ रिपॉझिटरी बंद करून ‘नो-सबस्क्रिप्शन’ सुरू करावी आणि एकदा सर्व अपडेट घ्यावेत. सबस्क्रिप्शन नसल्याची सूचना लॉगिन करताना येत राहते. ती बंद करून पुढे जावे.

मशीन तयार करणे

इंटरनेटवर एका ओळीत हे सारे करून देणाऱ्या तयार स्क्रिप्ट मिळतात आणि त्यातल्या काही खरोखर चांगल्याही आहेत. तरीही पहिली मशीन हाताने करावी असा माझा आग्रह आहे. रूटच्या अधिकाराने चालणारी आणि आपण न वाचलेली स्क्रिप्ट चिकटवणे म्हणजे घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हातात देणे, आणि शिवाय पुढे काही बिघडले तर कुठे पाहायचे हेही आपल्याला कळत नाही.

होम असिस्टंटच्या संकेतस्थळावरून केव्हीएम आणि प्रॉक्समॉक्ससाठीची क्यूकाउ२ प्रकारची प्रतिमा फाइल उतरवावी. ती एक्सझेड पद्धतीने दाबलेली असते, म्हणून सेव्हन-झिप वापरून ती आधी सोडवून घ्यावी. आता प्रॉक्समॉक्समध्ये वर उजव्या बाजूच्या ‘क्रिएट व्हीएम’ या बटणावर जावे आणि एकेक पान पुढीलप्रमाणे भरावे.

पहिल्या पानावर मशीनला नाव द्यावे. तिला मिळणारा क्रमांक, बहुधा १००, लक्षात ठेवावा. ‘ओएस’च्या पानावर कोणतेही माध्यम वापरायचे नाही हा पर्याय निवडावा, कारण आपण सीडीवरून काही बसवणार नसून तयार डिस्कच जोडणार आहोत.

‘सिस्टीम’चे पान सर्वांत महत्त्वाचे, कारण घोडे पेंड खाते ते इथेच. मशीनचा प्रकार क्यू३५, बायोस ओव्हीएमएफ म्हणजे यूईएफआय, आणि ईएफआय डिस्कसाठी स्टोरेज निवडावे. त्याखालच्या ‘प्री-एनरोल कीज’ या चौकटीतली खूण काढून टाकावी. ती तशीच राहिली तर मशीनमध्ये सिक्युअर बूट सुरू राहते, होम असिस्टंटची डिस्क सुरू होण्यास नकार मिळतो आणि नवशिक्याला फाइलच खराब आहे असे वाटू लागते. खूण काढायची राहूनच गेली असेल, तर मशीन सुरू होताना एस्केप दाबून यूईएफआयच्या मेनूत जावे आणि ‘डिव्हाइस मॅनेजर’मधून सिक्युअर बूट बंद करावे. याच पानावर ‘क्यूईएमयू एजंट’वर खूण करावी, त्यामुळे मशीन नीट बंद करण्याचा निरोप आतपर्यंत पोहोचतो.

‘डिस्क’च्या पानावर आपोआप सुचवलेली डिस्क काढून टाकावी. ‘सीपीयू’मध्ये २ कोअर आणि प्रकार ‘होस्ट’, ‘मेमरी’मध्ये ४०९६ आणि ‘बलूनिंग’ बंद. ‘नेटवर्क’मध्ये व्हीएमबीआर० हा पूल आणि व्हर्टआयओ प्रकार, जे बहुधा आधीच निवडलेले असतात. शेवटच्या पानावर ‘फिनिश’ करावे, पण मशीन लगेच सुरू करू नये, कारण तिला अजून डिस्क नाही.

डिस्क आणण्याचे दोन मार्ग आहेत. प्रॉक्समॉक्सच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ‘डेटासेंटर’मधल्या ‘स्टोरेज’मध्ये जाऊन ‘लोकल’ या साठ्याला ‘इम्पोर्ट’ हा प्रकार जोडता येतो. तो जोडला की सोडवलेली फाइल ब्राउझरमधूनच तिथे चढवता येते आणि मशीनला आयात डिस्क म्हणून जोडता येते. जुन्या आवृत्तीत फाइल सर्व्हरवर नेऊन शेलमध्ये क्यूएम हा आदेश, त्यापुढे इम्पोर्टडिस्क हा एकत्र लिहिलेला शब्द, मग मशीनचा क्रमांक, फाइलचे नाव आणि शेवटी साठ्याचे नाव, म्हणजे लोकल-एलव्हीएम, इतके लिहावे. आदेशाने आयात केलेली डिस्क मशीनच्या ‘हार्डवेअर’मध्ये ‘अनयूज्ड’ म्हणून दिसते. तिच्यावर दोनदा क्लिक करून ती स्कझी प्रकाराने जोडावी, ‘डिस्कार्ड’ आणि ‘एसएसडी एम्युलेशन’वर खूण करावी. नंतर ‘ऑप्शन्स’मध्ये ‘बूट ऑर्डर’ उघडून ही डिस्क सर्वांत वर आणावी आणि ‘स्टार्ट ॲट बूट’ सुरू करावे. बूट ऑर्डरची पायरी विसरल्याने अडकणारे पुष्कळ असतात : डिस्क जोडलेली दिसते, मशीन मात्र नेटवर्कवरून सुरू होण्याचा प्रयत्न करत बसते.

पहिली सुरुवात

आता मशीन सुरू करून ‘कन्सोल’ उघडावा. थोड्या वेळात होम असिस्टंटचे नाव, आयपी पत्ता आणि पोर्ट ८१२३ असलेला दुवा दिसतो. तो ब्राउझरमध्ये उघडल्यावर ‘तयारी सुरू आहे’ अशा अर्थाचे पान येते. इंटरनेटच्या वेगानुसार याला २० मिनिटेही लागू शकतात, म्हणून मध्येच मशीन बंद करू नये. तयारी झाल्यावर मालकाचे खाते तयार करावे आणि नकाशावर आपले घर अचूक दाखवावे, कारण सूर्यास्ताच्या वेळा त्यावरूनच काढल्या जातात. कोल्हापुरात नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सात वाजून गेल्यावर. त्यामुळे अंगणातला दिवा घड्याळावर न लावता सूर्यास्तावर लावला की वर्षभर त्याकडे पाहावे लागत नाही.

यानंतर लगेच राउटरमध्ये जाऊन या मशीनचा पत्ता तिच्या मॅक पत्त्याला, म्हणजे नेटवर्कवरच्या तिच्या ओळख-क्रमांकाला, कायमचा बांधून घ्यावा. हे न केल्यास एखाद्या दिवशी राउटर दुसरा पत्ता देतो, मोबाइलवरचे ॲप जोडणी सापडत नाही म्हणते आणि घरातले सगळे आपल्याकडे रोखून पाहू लागतात. होम असिस्टंटला उपकरणे आपोआप सापडावीत यासाठी ती त्याच नेटवर्कवर असावी लागतात. पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर उपकरणे जोडू नयेत.

डॅशबोर्ड सजवण्याच्या नादी इतक्यात लागू नये. तो सुटीच्या दिवसाचा छंद आहे.

झिगबीचा डोंगल

बॅटरीवरचे दरवाजा-सेन्सर आणि तापमापक यांच्यासाठी झिगबी हे कमी विजेवर चालणारे बिनतारी तंत्र वाय-फायपेक्षा सोयीचे, कारण त्यात सेल दीर्घकाळ टिकतो आणि इंटरनेटची गरज नसते. त्यासाठी यूएसबी डोंगल लागतो आणि तो सर्व्हरला लावून व्हर्च्युअल मशीनच्या ताब्यात द्यावा लागतो. मशीनच्या ‘हार्डवेअर’मध्ये ‘ॲड’ करून ‘यूएसबी डिव्हाइस’ निवडावे आणि उपकरणाच्या व्हेंडर व डिव्हाइस क्रमांकाने ते जोडावे. मग डोंगल दुसऱ्या पोर्टमध्ये लावला तरी चालतो. एकाच क्रमांकाचे दोन डोंगल असतील, तर मात्र पोर्टनुसार जोडणी करावी लागते.

डोंगल थेट यंत्रात खुपसू नये. यूएसबी ३ पोर्टमधून निघणारा गोंगाट झिगबीच्या २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातच पडतो आणि शेजारच्या खोलीतला सेन्सरही कारण नसताना तुटू लागतो. एक मीटरच्या यूएसबी एक्स्टेन्शन केबलने तो यंत्रापासून आणि राउटरपासून दूर घ्यावा. वाय-फायही याच पट्ट्यात बोलते, राउटरचे २.४ गिगाहर्ट्‌झचे चॅनल १, ६ किंवा ११ वर पक्के करून झिगबी चॅनल २५ निवडले तर दोघांची टक्कर बहुतेक टळते. ही निवड सुरुवातीलाच करावी, कारण नंतर चॅनल बदलल्यास काही उपकरणे पुन्हा जोडावी लागतात.

झिगबीमध्ये सतत विजेवर चालणारी उपकरणे इतरांचा संदेश पुढे नेतात, बॅटरीवरची नेत नाहीत. शिवाजी पेठेतल्या जाड भिंतींच्या जुन्या घरात किंवा दोन स्लॅबच्या बंगल्यात म्हणूनच प्रत्येक मजल्यावर एखादा झिगबी प्लग कायम सुरू असावा. झिगबी बल्ब लावून तो भिंतीवरच्या बटणाने बंद करण्याची सवय घरात असेल, तर साखळी रोज संध्याकाळी तुटते. अशा घरात बल्बऐवजी बटणामागे बसणारे मॉड्यूल लावावे. त्याला बहुधा न्यूट्रल लागते, तेव्हा बोर्डात न्यूट्रल आहे का हे वायरमनकडून आधी पाहून घ्यावे.

वीज

सर्व्हर आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर असावेत. एकच असला तर उपयोग नाही. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचे बटण असते, ते सुरू ठेवावे. साध्या मोडमध्ये बदलाला जो किंचित वेळ लागतो, तेवढ्यातही काही मिनी पीसी रीस्टार्ट होतात, आणि चालू असताना वारंवार वीज तुटल्यास होम असिस्टंटचा डेटाबेस बिघडू शकतो. जुना ट्यूब्युलर बॅटरीचा इन्व्हर्टर बॅटरी किती उरली हे संगणकाला सांगत नाही. ज्यांना बॅटरी संपण्यापूर्वी यंत्र आपोआप बंद व्हायला हवे, त्यांनी यूएसबी जोडणी असलेला छोटा यूपीएस घेऊन त्यासाठीचा नट हा प्रोग्रॅम बसवावा, आणि तो व्हर्च्युअल मशीनमध्ये न बसवता प्रॉक्समॉक्सवरच बसवावा. म्हणजे आधी सर्व मशीन आणि शेवटी सर्व्हर या क्रमाने सारे बंद होते.

एप्रिल-मेमधल्या वळवाच्या कडकडाटात विजेइतकाच धोका बाहेरून येणाऱ्या तांब्याच्या तारेचा असतो. गच्चीवरच्या कॅमेऱ्याची लॅन केबल थेट घरातल्या स्विचला जोडलेली असेल, तर तिच्यासाठी सर्ज प्रोटेक्टर लावावा आणि घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. फायबरची तार स्वतः वीज वाहत नाही, तेवढी काळजी कमी.

पाण्याची मोटर : पहिले खरे काम

बहुतेक घरांत नळाचे पाणी ठरलेल्या वेळी खालच्या टाकीत येते आणि तिथून मोटरने वरच्या टाकीत चढवले जाते. वरची टाकी भरून वाहणे आणि खालची रिकामी असताना मोटर कोरडी फिरणे, या दोन्ही गोष्टी ऑटोमेशनने थांबवता येतात. पण हे काम दिवा लावण्याइतके निरुपद्रवी नाही, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो.

१ एचपीची मोटर चालताना सुमारे १ किलोवॅट घेते आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कितीतरी पट प्रवाह खेचते. तिला बाजारातला ६ अँपिअरचा स्मार्ट प्लग लावला तर आतल्या रिलेचे, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचचे, संपर्क वितळून चिकटू शकतात. मग ॲपमध्ये मोटर बंद दिसते आणि गच्चीवर पाणी वाहत राहते. म्हणून लहान रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोठा प्रवाह सोसणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचची, कॉइल चालवावी आणि मोटरचा प्रवाह कॉन्टॅक्टरने वाहावा. हे काम वायरमनकडूनच करून घ्यावे आणि त्याच पॅनलमध्ये ‘ऑटो–मॅन्युअल’ असा निवड-स्विच बसवून घ्यावा. सर्व्हर बंद असला तरी घरातल्या कोणालाही, मोबाइलला हात न लावता, मोटर सुरू करता आली पाहिजे. हीच अट मी घरातल्या प्रत्येक ऑटोमेशनला लावतो : सर्व्हर बंद पडला तर सोय जाईल, पण काम अडता कामा नये.

दोन्ही टाक्यांत फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याच्या पातळीबरोबर वरखाली होणारे स्विच, बसवून ते ईएसपी३२ या वाय-फाय असलेल्या छोट्या नियंत्रक बोर्डाला जोडावेत आणि बोर्डावर ईएसपीहोम चालवावे. होम असिस्टंटमधला नियम सोपा असतो : वरच्या टाकीचा फ्लोट खाली गेला, खालच्या टाकीत पाणी आहे आणि वेळ पहाटे सहा ते रात्री दहाच्या दरम्यान आहे, तर मोटर सुरू करावी, वरची टाकी भरली किंवा खालची रिकामी झाली तर ती बंद करावी. परंतु शेवटची सुरक्षा होम असिस्टंटवर सोडू नये. मोटर सुरू असताना सर्व्हर किंवा वाय-फाय पडले तर बंद करण्याचा आदेश पोहोचणारच नाही. म्हणून ‘टाकी भरायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ झाला की स्वतःहून बंद हो’ ही अट ईएसपीहोममध्ये, म्हणजे बोर्डातच लिहावी, फ्लोट पाहून मोटर तोडण्याची अटही तिथेच ठेवावी, आणि रिलेचा ‘रिस्टोअर मोड’ ‘ऑलवेज ऑफ’वर ठेवावा, वीज जाऊन परत आली की मोटर आपोआप सुरू होता कामा नये.

एवढे झाल्यावर हौस भागवण्यास हरकत नाही. होम असिस्टंटमधील गूगल ट्रान्सलेटची बोलण्याची सोय मराठीही बोलते, त्यामुळे ‘वरची टाकी भरली’ हे हॉलमधल्या स्पीकरवरून ऐकवता येते. त्याला इंटरनेट लागते, म्हणून ती केवळ सूचना समजावी.

बॅकअप

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो आणि डिस्क गेली की त्याच्यासह जातो.

दोन पातळ्यांवर बॅकअप ठेवावा. पहिला होम असिस्टंटचा स्वतःचा : सेटिंगमध्ये रोजचा स्वयंचलित बॅकअप सुरू करावा आणि तो गूगल ड्राइव्हसारख्या बाहेरच्या जागी जाईल असे पाहावे. हा बॅकअप कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली ‘इमर्जन्सी किट’ या फाइलमध्ये मिळते. ती छापून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावी. किल्ली हरवली तर बॅकअप असून नसल्यासारखा. दुसरा प्रॉक्समॉक्सचा : ‘डेटासेंटर’मधल्या ‘बॅकअप’मध्ये आठवड्यातून एकदा संपूर्ण मशीनची प्रत बाह्य डिस्कवर जाईल असे वेळापत्रक लावावे आणि शेवटच्या चार प्रती ठेवाव्यात.

बॅकअप परत चढवून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये. चाचणीसाठी मूळ मशीन बंद करावी आणि प्रत नव्या क्रमांकाने परत आणताना ‘युनिक’वर खूण करावी, म्हणजे तिला वेगळा मॅक पत्ता मिळतो. दोन्ही मशीन एकाच वेळी कधीही चालू ठेवू नयेत. एकच डोंगल आणि एकच मोटर दोघींच्या हाती दिल्यासारखे होते.

दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली किंवा नागाळा पार्कचा सखल भाग, जिथे २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी आले, तिथल्या वाचकांनी सर्व्हर वरच्या मजल्यावरच ठेवावा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी ३९ फुटांवर पोहोचले की काय करायचे, हे आधीच कागदावर लिहून ठेवावे : मोटरचा स्विच मॅन्युअलवर, होम असिस्टंटचा ताजा बॅकअप, प्रॉक्समॉक्समधून सर्व मशीन बंद, मग सर्व्हर बंद, आणि बाह्य डिस्क घर सोडताना आपल्या पिशवीत.

बाहेरून वापर आणि अपडेट

पुण्याला किंवा मुंबईला गेल्यावर घर पाहता यावे म्हणून राउटरमध्ये पोर्ट उघडण्याचा सल्ला जुन्या लेखांतून मिळतो. तो मानू नये. विशेषतः ८००६ हा पोर्ट बाहेर कधीच उघडू नये. शिवाय अनेक घरगुती जोडण्यांत इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते, त्यामुळे पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही. टेलस्केल या खासगी नेटवर्क (व्हीपीएन) सेवेचे ॲड-ऑन बसवून मोबाइलवर तेच ॲप घेतले की दोन्ही अडचणी सुटतात. ज्यांना यातले काहीच करायचे नाही, त्यांनी नाबू कासा या कंपनीची सशुल्क क्लाउड सेवा घ्यावी. त्या पैशातून होम असिस्टंटच्या कामालाही हातभार लागतो. मार्ग कोणताही असो, मालकाच्या खात्याला दोन टप्प्यांचे लॉगिन लावावे.

होम असिस्टंटची नवी आवृत्ती दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी येते. ती त्याच दिवशी घेण्याची घाई करू नये. पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत किरकोळ दुरुस्त्या येतात, त्यांनंतर घ्यावी. आधी त्या आवृत्तीच्या टिपणातला जुन्या गोष्टी मोडणाऱ्या बदलांचा भाग वाचावा, आपण वापरत असलेल्या उपकरणाचे नाव त्यात आहे का ते पाहावे, प्रॉक्समॉक्समध्ये स्नॅपशॉट घ्यावा आणि मगच अपडेट करावे. अपडेट झाल्यावर वरच्या टाकीचा फ्लोट हाताने उचलून मोटर खरोखर थांबते का, हे स्वतः उभे राहून पाहावे. स्नॅपशॉट डिस्कची जागा खात राहतो, म्हणून आठवडाभर सारे सुरळीत चालल्याचे दिसले की तो पुसून टाकावा.